चित्रपत्त्यांचे कवच



वसंत व्याख्यानमालेत राज्यकारभार, इतिहास, वेदान्त आणि अर्थशास्त्र असे भारदस्त विषय यावेत, अशी आपली रास्त अपेक्षा असते. त्या पंक्तीत मुलांच्या चित्रपत्त्यांना पान मांडलेले पाहून काहींना चमत्कारिक वाटेल. तरीही हा विषय घेण्यास दोन कारणे आहेत. आज ज्या घरात दहाबारा वर्षांचे मूल आहे, त्या घरात कार्डांची एखादी चळत बहुधा असतेच आणि ती कशात ठेवावी हा प्रश्नही केव्हा ना केव्हा निघतोच, हे पहिले कारण. दुसरे असे, की या लहानशा प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट सापडले त्याला घरातले लग्नाचे फोटो, आजोबांची पत्रे आणि देवघरातल्या जुन्या तसबिरी यांचीही राखण करता येते. कागद तोच आणि कागदाचे वैरीही तेच.

विषय हवेत राहू नये म्हणून एक गाव आणि त्यातले एक घर आपण डोळ्यांसमोर ठेवू. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात जांबे नावाचे गाव आहे. मारुंजी, नेरे ही त्याची शेजारगावे, हिंजवडीही जवळच. हिंजवडीत संगणकाचे उद्योग आल्यापासून या टापूत शेताच्या बांधालगत उंच इमारती उठल्या आणि कौलारू घर व लिफ्टचे घर एकाच शिवारात नांदू लागले. अशा एका घरात नातवाजवळ ‘पोकेमॉन’ची आणि क्रिकेटपटूंची शे-दीडशे कार्डे आहेत, वडिलांजवळ त्यांच्या लहानपणचे काडेपेट्यांचे छाप आणि कुस्तीगिरांचे ‘ट्रंप’ पत्ते आहेत, आणि आजीच्या पेटीत देवादिकांच्या चित्रांची जुनी पोस्टकार्डे आहेत, अशी कल्पना करा. तीन पिढ्यांचा हा संग्रह. तो कशात ठेवावा, एवढाच आज आपल्यापुढचा प्रश्न.

पत्ता आणि त्याचे घर यांचा एकत्र विचार करण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. महाराष्ट्रात सावंतवाडीच्या गंजिफांचे नाव आहे. दशावतारी जोडात दहा अवतारांचे दहा संच. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एकपासून दहापर्यंतचे पत्ते मिळून बारा. म्हणजे एकूण १२० पत्ते. मोगली जोडात असे आठ संच व ९६ पत्ते असतात. विसाव्या शतकात ही कला मावळू लागली तेव्हा सावंतवाडीच्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागिरांना आश्रय देऊन तिला पुन्हा उभे केले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या गंजिफेकडे पाहिले तर तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, पत्ता गोल असतो. ज्याला कोपराच नाही त्याचा कोपरा दुमडणार कोठून? दुसरी, चित्रावर लाखेचा लेप असतो. म्हणजे हाताच्या घामापासून राखणारे कवच कारागिराने पत्त्याच्या अंगावरच चढवलेले असते. तिसरी, जोडाबरोबरच सरकत्या झाकणाची रंगवलेली लाकडी पेटी येते. ती धूळ आणि उजेड अडवते, पण हवाबंद नसते. ज्याने पत्ता केला त्यानेच त्याच्या निवाऱ्याचाही विचार केला. छापखान्याच्या युगात हे नाते तुटले. छापणारा वेगळा, विकणारा वेगळा आणि कवच करणारा तिसराच. म्हणून निवडीचा भार आता घेणाऱ्यावर पडला आहे.

छापील चित्राचे नशीब काय असते, याचे एक उदाहरण जांब्याच्या वायव्येस, शेजारच्या मावळातच आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस हलवला. फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेऊन चालवला. लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका ही चित्रे तेथून घरोघर गेली. १९७२ साली तो छापखाना आगीत सापडला. आज तेथले काम पाहायचे तर लोकांनी घरात जपलेल्या प्रतींवरच बहुतांशी भिस्त ठेवावी लागते. त्या काळी ही चित्रे बाजारातला स्वस्त माल होती. अमुक प्रत पुढे मोलाची ठरेल, हे विकत घेणाऱ्या गृहिणीला कोणी सांगितले नव्हते. तरी जी प्रत कोरड्या भिंतीवर होती ती राहिली आणि जी ओलीत होती ती काचेला चिकटून गेली.

आता दुसरे उदाहरण परदेशातले घेऊ. अमेरिकेत जेफर्सन बर्डिक नावाच्या गृहस्थाने सिगारेटच्या पाकिटांतून आणि गोळ्याबिस्किटांबरोबर मिळणारी कार्डे आयुष्यभर जमवली. हा तीन लाखांहून अधिक नगांचा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिला, आणि १९४७ पासून १९६३ पर्यंत स्वतः तेथे जाऊन, संधिवाताने जखडलेल्या हातांनी, तो ती कार्डे वह्यांत चिकटवीत राहिला. काम संपल्यावर थोड्याच आठवड्यांत तो वारला. एवढ्या निष्ठेपुढे कोणीही हात जोडील. मात्र चिकटवलेल्या कार्डाची पाठ झाकली जाते, ते वहीतून सोडवणे जोखमीचे होते आणि वहीचा कागद पिवळा पडला तर त्याची झळ कार्डाला लागते. त्या काळी चिकटवणे हीच संग्रहाची सभ्य रीत होती. आज आपल्याला तिच्याहून चांगला मार्ग ठाऊक आहे, म्हणून आपली जबाबदारी अधिक.

कार्डाचे वैरी कोण, हे आधी पाहू. सर्वांत मोठा वैरी दमटपणा. कागद हवेतली ओल पितो आणि फुगतो. कोरड्या हवेत ती सोडतो आणि आकसतो. पुण्याकडे चैत्र-वैशाखातल्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता टक्केवारीने तीसच्याही खाली जाते. आषाढ-श्रावणात तीच ऐंशीच्या वर चढते. वर्षातून एकदा हा हेलकावा कागदाला सोसावा लागतो. चकाकणाऱ्या वर्खाच्या कार्डांवर त्याचा परिणाम चटकन दिसतो. अशा कार्डाच्या एका बाजूला धातूचा व प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. तो ओल पीत नाही. पाठीचा कागद मात्र पावसाळ्यात फुगतो, आणि कार्ड वर्खाच्या बाजूस आत वाकून द्रोणासारखे होते. उन्हाळ्यात तेच उलट्या बाजूस वाकते. मूल म्हणते, कार्ड बिघडले. वस्तुतः ते आपल्याला हवेचे मान सांगत असते.

आर्द्रता पासष्टच्या पुढे फार दिवस राहिली की दुसरा वैरी येतो, तो म्हणजे बुरशी. तिसरा वैरी किडींचा. कागदाला लावलेली खळ आणि सरस कसरीला प्रिय. झुरळ कडा कुरतडते. वाळवी भिंतीतून येऊन चळतच्या चळत फस्त करते. चौथा वैरी उजेड. उन्हातले अतिनील किरण तांबडा आणि पिवळा रंग आधी नेतात, म्हणूनच दुकानात वर्षानुवर्षे उन्हात लटकलेले चित्र निळसर दिसू लागते. पाचवा वैरी आपला हात. घाम, तेल आणि वडापावची चटणी यांचे ठसे कागदात मुरतात. आणि सहावा, ज्याचे नाव यादीत पाहून आश्चर्य वाटेल, तो म्हणजे चुकीचे कवच. राखणदारच चोर निघावा, तसा हा प्रकार असतो. पहिल्या पाच वैऱ्यांशी आपण सावध असतो. सहाव्याला आपणच पैसे देऊन घरात आणतो.

ते कसे, हे नीट समजून घेतले पाहिजे. बाजारात जे मऊ, लवचिक, किंचित चिकट वाटणारे पारदर्शक प्लॅस्टिक मिळते ते पुष्कळदा पीव्हीसी असते. हा पदार्थ मुळात कडक असतो. तो मऊ करण्यासाठी त्यात तेलासारखे द्रव मिसळतात. हे द्रव कायमचे बांधलेले नसतात. काही वर्षांनी ते पृष्ठभागावर येतात, प्लॅस्टिक चिकट होते आणि चित्राची शाई ओढून घेते. शिवाय पीव्हीसी जुने होता होता त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचे सूक्ष्म प्रमाण बाहेर पडते, आणि आम्ल म्हणजे कागदाचे मरण. जुन्या अल्बममधला फोटो काढायला जावे आणि अर्धा चेहरा प्लॅस्टिकला चिकटून निघावा, हा अनुभव पुष्कळांना असेल. १९७० आणि ८० च्या दशकांत जे चिकट पानांचे अल्बम लग्नात आहेर म्हणून फिरत होते, त्यांचा दोषही याच जातीचा. तेथे प्लॅस्टिकबरोबर पानावरचा डिंकही फोटोला धरून बसतो.

यावरून कवच निवडताना तीन प्रश्न विचारावेत असे मी सुचवतो. कार्डाला प्रत्यक्ष टेकणारा पदार्थ कोणता? कार्ड त्यात मापाने बसते का? आणि उद्या ते बाहेर काढायचे झाले तर इजा न होता निघेल का? या तिन्ही प्रश्नांना जे कवच उत्तीर्ण होईल ते घ्यावे. किंमत, चकाकी आणि जाडी यांचा विचार त्यानंतर.

पहिला प्रश्न पदार्थाचा. तीन प्लॅस्टिके या कामी निर्धोक मानली जातात: पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन आणि पॉलिएस्टर. संग्रहालये मौल्यवान कागदासाठी मुख्यतः पॉलिएस्टर वापरतात. ते काचेसारखे स्वच्छ, ताठ आणि हाताळताना करकरणारे असते, पण महाग असते. कार्डांच्या खोळी बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि घरगुती संग्रहाला त्या पुरेशा आहेत. दुकानदार यांना ‘स्लीव्ह’ म्हणतो. ‘आम्लरहित’ हा शब्द छापला म्हणजे सर्व काही ठीक असे समजू नये. पाकिटावर पदार्थाचे नाव आहे की नाही हे पाहावे. छायाचित्रांसाठी पाकीट घेताना ‘आयएसओ १८९१६’ या प्रमाणाचा उल्लेख असेल तर उत्तम. त्या चाचणीत पाकिटाचा फोटोवर वाईट परिणाम होतो का ते पाहिलेले असते.

नाव छापलेले नसेल तर घरच्या घरी दोन साध्या परीक्षा करता येतात. पहिली नाकाची: नवे रेक्झिन उघडल्यावर येतो तसा उग्र वास आला तर ते प्लॅस्टिक बाजूला ठेवावे. दुसरी पाण्याची: खोळीचा लहान तुकडा कापून पाण्याच्या पेल्यात बुडवावा आणि त्याला चिकटलेले बुडबुडे काडीने झटकावेत. पॉलिप्रॉपिलीन व पॉलिथिलीन पाण्याहून हलकी असल्यामुळे वर येतात. पीव्हीसी तळाला जाते. पॉलिएस्टरही बुडते हे खरे, पण ते करकरीत असते, मऊ पीव्हीसी लुळे असते. त्यामुळे गफलत होण्याचे कारण नाही. तांब्याची तार तापवून ज्योतीचा रंग पाहण्याची आणखी एक परीक्षा पुस्तकांत दिलेली असते. तिच्यात विषारी धूर होतो, म्हणून ती घरात करू नये.

दुसरा प्रश्न मापाचा. पोकेमॉनसारख्या कार्डांचे माप सुमारे ६३ बाय ८८ मिलिमीटर असते. अमेरिकी खेळाडूंच्या कार्डांचे अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे जवळजवळ तेच. जपानी धाटणीची काही कार्डे ५९ बाय ८६ मिलिमीटर भरतात. मोठ्या खोळीत लहान कार्ड घातले की ते खुळखुळत राहते आणि कडा झिजतात. लहान खोळीत मोठे घातले तर कोपरे दबतात. आपले टपालखात्याचे पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटर असते. ते या खोळींत मावणार नाही. त्याला चार बाय सहा इंचांच्या फोटोचे पॉलिप्रॉपिलीनचे पाकीट चालते. जुन्या चित्रांच्या पोस्टकार्डांची मापे थोडी मागेपुढे असतात, म्हणून दुकानात जाण्यापूर्वी फूटपट्टीने माप घ्यावे. काडेपेटीच्या छापांसाठी टपालतिकिटांच्या संग्राहकांची पट्ट्यांची वही बरी पडते. तिच्यात छाप नुसता सरकवायचा असतो, चिकटवायचा नसतो. गोल गंजिफेला मात्र प्लॅस्टिक घालूच नये. उष्णतेने लाख मऊ पडते आणि प्लॅस्टिकला धरते. धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळून तिच्या लाकडी पेटीतच तिला ठेवावे. जुन्या पोथ्यांना बासनात बांधण्याची आपल्याकडची पद्धत येथे आजही उपयोगी आहे.

जाडीचाही हिशेब असतो. ताठ कवचावर ‘३५ पॉइंट’ असा आकडा असतो. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तेव्हा ३५ पॉइंट म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर. नेहमीचे कार्ड खोळीसह यात बसते. क्रिकेटच्या काही कार्डांत कापडाचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा असतो. त्यांना मोठ्या आकड्याचे कवच लागते. जबरदस्तीने सरकवलेल्या जाड कार्डाच्या कडा सोलून निघतात.

तिसरा प्रश्न सुटकेचा. कागदाला कायमचे बांधणारे प्रत्येक साधन संशयाने पाहावे. लॅमिनेशन हे त्यांतले सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घातक. गावोगावी झेरॉक्सच्या दुकानात उष्णतेने वितळणाऱ्या डिंकाच्या दोन थरांत कागद दाबून देतात. तो चकचकीत होतो, पाण्याला घाबरत नाही. पण आत सापडलेला कागद पुढे पिवळा पडू लागला तर त्याला बाहेर काढण्याचा सुरक्षित उपाय उरत नाही. सातबाराच्या झेरॉक्सला लॅमिनेशन करावे, मूळ कागदाला करू नये. चित्रपत्त्याला तर नाहीच. चिकटपट्टी, डिंक, टाचणी आणि रबराचे कडे यांचीही तीच गत. टाचणी गंजते, रबरात गंधक असते, ते काही वर्षांत वितळून कार्डाच्या कडेला डाग पाडते आणि तत्पूर्वी कडेला खाच पाडते ती वेगळीच. मुलांच्या चळतीला रबर लावलेले दिसले तर आज घरी गेल्यावर पहिले काम ते काढण्याचे करावे.

आता बाजारातल्या कवचांची ओळख करून घेऊ. पहिली साधी मऊ खोळ. प्रत्येक राखायच्या कार्डाला ती हवीच. तिचे तोंड किंचित दाबून उघडावे, कार्ड कडेने धरून खालच्या अंगाने अलगद सोडावे, कोपऱ्याने ढकलू नये. दुसरे ताठ कवच, ज्याला ‘टॉपलोडर’ म्हणतात. ते दोन्ही बाजूंनी कडक आणि वरून उघडे असते. गंमत अशी, की ही ताठ कवचे पुष्कळदा पीव्हीसीचीच असतात. त्यांत मऊ करणारे द्रव नसते किंवा फार थोडे असते, म्हणून धोका कमी. तरीही उघडे कार्ड थेट आत सरकवू नये. आधी पॉलिप्रॉपिलीनची खोळ, मग ताठ कवच, हा क्रम मोडू नये. टपालाने कार्ड पाठवायचे असेल तर हीच जोडी दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पाठवावी, आणि चिकटपट्टी लावलीच तर ती कवचाला लावावी, खोळीला नव्हे.

तिसरी कप्प्यांची वही. एका पानावर नऊ कप्पे असतात, म्हणून पाहण्यास ही सर्वांत सोयीची. येथेही पान पॉलिप्रॉपिलीनचे आहे ना, हे पाहावे. कप्प्याचे तोंड बाजूने असेल तर वही उलटली तरी कार्ड घरंगळत नाही. कड्या गोल असलेल्या वहीत पाने कडीच्या वळणावर चढतात आणि कार्डांना खळ पडते. एका बाजूने सपाट, इंग्रजी ‘डी’ अक्षरासारख्या कड्यांची वही घ्यावी. ती गच्च भरू नये आणि कपाटात पुस्तकासारखी उभी ठेवावी. चौथा प्रकार लोहचुंबकाने मिटणाऱ्या ॲक्रिलिकच्या डबीचा. ती देखणी असते, अतिनील किरण अडवणारी म्हणून विकली जाते आणि एखाद्या लाडक्या कार्डाला शोभते. पण अशी डबी म्हणजे उन्हात ठेवण्याचा परवाना नव्हे. दृश्य उजेडही रंग नेतोच. पाचवा प्रकार कार्ड तपासून, त्याला गुणांक देऊन प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करणाऱ्या संस्थांचा. त्यांचा खरा उपयोग विक्रीच्या वेळी होतो. विकायचे नसेल, तर घरच्या संग्रहाला त्याची गरज नाही.

कवच निवडले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. ते कवच ज्या पेटीत आणि पेटी ज्या भिंतीला असते, त्यांचाही विचार हवा. खोळ कार्डाला हात आणि धूळ यांपासून राखते; हवेच्या ओलीपासून ती राखत नाही, कारण तिचे तोंड उघडे असते. मुळशीत पाऊस सह्याद्रीकडून, पश्चिमेच्या वाऱ्यावर येतो. घराची पश्चिमेची भिंत आधी ओल धरते. म्हणून संग्रहाचे कपाट आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून चार बोटे दूर असावे. माळा नको, कारण पत्र्याखाली उन्हाळ्यात तो भट्टीसारखा तापतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांना लागून असलेली भिंतही नको. पेटी पुठ्ठ्याची असेल तर ती आम्लरहित पुठ्ठ्याची पाहावी. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा स्वतःच पिवळा पडतो आणि शेजाऱ्याला पिवळा करतो.

जांब्याच्या त्या घरासाठी मी एक साधी योजना सुचवीन. घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्यावा; धान्याचे डबे मिळतात तसाच चालेल. खोळीतली कार्डे त्यात उभी, अंगाला अंग लागतील पण दाटी होणार नाही अशी ठेवावीत. सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि दहावीस रुपयांच्या हिशेबाकडे न पाहता एक लहान आर्द्रतामापक आत ठेवावा. काटा पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान राहिला की समाधान मानावे. रंग बदलणारी सिलिका घेतली तर ओल प्यायल्यावर ती तसे दाखवते. निळ्या सिलिकेत कोबाल्टचे लवण असते, म्हणून नारिंगी घ्यावी आणि ती तापवून सुकवण्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये. कसरीसाठी पूर्वी पोथ्यांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवीत. पाला आज ठेवायचा तर डब्याबाहेर, कपाटात ठेवावा, कारण तो कागदाला डाग पाडतो. डांबराच्या गोळ्या मात्र प्लॅस्टिकच्या कवचाजवळ नेऊ नयेत; त्यांची वाफ काही प्लॅस्टिके मऊ करते आणि माणसाच्या श्वासालाही चांगली नाही.

डबा मिटण्याला मुहूर्तही असतो. भर श्रावणात ओल प्यालेली कार्डे घट्ट डब्यात कोंडली तर ओल आतच राहते, आणि बुरशीला आपण आयते घर बांधून देतो. म्हणून हे काम आज, वसंतात करावे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. हा कोरडा ऋतू जसा व्याख्यानांना सोयीचा, तसाच कागदाच्या बंदोबस्तालाही. भर दुपारची अतिकोरडी वेळ टाळून सकाळी, पंखा बंद करून, हात धुऊन पूर्ण कोरडे करून बसावे. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी डबे मिटलेले असावेत, आणि गणपती उठले की एकदा उघडून पाहावेत. एखाद्या कार्डावर बुरशी दिसली तर ते ताबडतोब वेगळे करावे, ओल्या फडक्याने पुसू नये, सावलीत वाहत्या हवेत सुकू द्यावे आणि नाकाला फडके बांधून घराबाहेर मऊ कुंचल्याने झटकावे. एकमेकांना चिकटलेली कार्डे ओढून सोडवू नयेत.

शेवटी एक नाजूक प्रश्न उरतो. मुलाला ही कार्डे खेळण्यासाठी हवी असतात आणि वडीलधाऱ्यांच्या मनात अलीकडे किमतीचे आकडे घोळू लागले आहेत. १९५२ सालचे मिकी मँटल या बेसबॉल खेळाडूचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले, ही बातमी पुष्कळांनी वाचली असेल. ते कार्ड असामान्य सुस्थितीत होते, म्हणून ती किंमत. पण ते वाचून नातवाचा डबा कुलपात घालणे हा शहाणपणा नव्हे. आजच्या कार्डांच्या प्रती अमाप छापल्या जातात. त्यांतले एखादेच पुढे दुर्मीळ ठरते आणि ते कोणते, हे कोणालाच सांगता येत नाही. गंजिफासुद्धा खेळण्यासाठीच केल्या होत्या. हातात फिरण्यानेच त्यांच्यावर लोकांची माया बसली.

तेव्हा मुलाला स्वतःलाच वाटणी करू द्यावी. खेळायची कार्डे एका बाजूला; त्यांना जाड, पाठ रंगीत असलेली खोळ घालावी आणि ती झिजली की बदलावी. खोळ झिजते, कार्ड वाचते. खोळीचा धर्मच तो. राखायची कार्डे दुसऱ्या बाजूला. ती थोडी असावीत आणि ती का राखायची हे मुलाला सांगता यावे. कदाचित ते दुर्मीळ असेल, कदाचित मित्र गाव सोडून जाताना देऊन गेला असेल. दुसऱ्या कारणाचे मोल बाजारात मिळत नाही, पण कवच त्यालाही तितकेच चांगले हवे. आजीची पोस्टकार्डे ज्या दिवशी खोळीत घालाल त्या दिवशी नातवाला जवळ बसवावे आणि पाठीवरचा मजकूर वाचून दाखवावा. कार्ड कोणी, कोणाला, कोठून धाडले ते वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहून, ती चिठ्ठी खोळीमागे ठेवावी. ही माहिती हरवली तर उत्तम कवचात उत्तम कागद राहील, पण तो कोणाचा हे सांगणारे कोणी राहणार नाही.

मळवलीचा छापखाना जळाला, चित्रे मात्र लोकांच्या भिंतींवर राहिली. कागद टिकवण्याचे काम संग्रहालये करतात, तसे ते साध्या घरांतूनही होत असते. त्यासाठी लागते ते एक निरुपद्रवी खोळ, एक कोरडी भिंत आणि वर्षातून दोनदा डबा उघडून पाहण्याची सवय. पावसाळा अजून थोडा दूर आहे, तोवर हे काम उरकून घ्यावे, एवढीच आपणा सर्वांस विनंती.